रामा रंगाच्या चौदा नऊवाऱ्या

दत्तप्रसाद दांगटांना लग्नाला बोलवायचं म्हणजे यजमानाला थोडी छाती लागायची. तसा माणूस गरीब स्वभावाचा. आहेर वेळेवर करणारा, पंगतीत जिलबी दुसऱ्यांदा मागतानाही इकडेतिकडे बघणारा. पण नवरानवरी स्टेजवर उभी राहिली, की सगळा मांडव नवरीकडे बघायचा आणि दांगट नवऱ्याच्या शेरवानीकडे.

"मधे फिकी आहे," ते शेजारच्या खुर्चीला हळूच सांगायचे.

शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा मुलीचा मामा असायचा. तो दचकायचा. "कोण फिकी? मुलगा इंजिनिअर आहे, चांगल्या घरातला आहे."

"मुलाबद्दल तक्रार नाही हो. शेरवानीचं म्हणतोय. काठाला गडद आणि मधे फिकी. रंगवताना पिळणारा रूळ मधे जास्त दाबत असणार."

मामा उठून दुसऱ्या रांगेत जायचा आणि दांगट त्या शेरवानीकडे, डॉक्टर अनोळखी माणसाच्या खोकल्याकडे बघतात तसे, हळहळत बघत राहायचे.

वाघोलीच्या पुढे कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात ते एकोणतीस वर्षं नोकरीला होते. राहायला वारज्यात. म्हणजे पुण्याच्या एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला काम, मधलं सगळं शहर स्कूटरवर. वारज्याला त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. तिच्यातून रस्ता गेला, उरलेल्या जमिनीवर सोसायटी झाली आणि जिथे आजोबांची वांगी होती तिथे तिसऱ्या मजल्यावर दांगटांचा फ्लॅट आला. याबद्दल त्यांना कुणी कधी हळहळताना ऐकलं नाही. पण सोसायटीच्या क्लबहाउसला लावलेले पडदे पहिल्याच पावसाळ्यात कडेने विटले, तेव्हा मात्र ते दोन दिवस नीट जेवले नव्हते.

कारखान्यात पॉलिएस्टर रंगायचं. पॉलिएस्टर म्हणजे, दांगटांच्या मते, कापडातलं हट्टी पोर. साध्या पाण्यात रंग घेत नाही. त्याला बंद यंत्रात कोंडायचं, दाब द्यायचा, एकशेतीस डिग्रीपर्यंत तापवायचं, तेव्हा कुठे ते तोंड उघडतं आणि रंग आत घेतं. बरं, एवढं करून घेतलेला रंग पाण्याला भीत नाही, पण इस्त्रीला भितो. चटका बसला की उडतो आणि शेजारच्या पांढऱ्या पट्टीच्या घरी जाऊन राहतो. यंत्र घाईने गार केलं तर अंगावर सुरकुत्या पडतात, त्या जन्मभर जात नाहीत. गरम पाणी वेळेवर सोडलं नाही तर काळ्या कापडावर पांढरी भुकटी बसते, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. सूत दोन तऱ्हेचं आलं तर आडवे पट्टे. हे सगळे दोष दांगटांना नावागावासकट, आईबापासकट ठाऊक होते. ताग्यावरून नुसता हात फिरवून कुठल्या पाळीला यंत्रावर कोण उभा होता हे ते सांगत, आणि ते बरोबर निघे. त्यामुळे दोन्ही पाळ्यांचे लोक त्यांना मास्तर म्हणत आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसणं टाळत.

त्यांचं मुख्य काम म्हणजे रंग पास करणं. गिऱ्हाइकाने दिलेला नमुना आणि रंगून आलेलं कापड शेजारी धरायचं, बघायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. त्यासाठी प्रयोगशाळेत एक करडी पेटी होती. तिच्यात तीन तऱ्हेचे दिवे होते. एक दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा, एक घरातल्या पिवळ्या बल्बसारखा आणि एक दिवसाच्या उजेडासारखा. तिन्ही दिव्यांखाली जुळला तरच रंग पास. कारण रंग ही मोठी लबाड चीज असते. दोन सख्खे भाऊ बापासमोर सारखे दिसतात, एका ताटात जेवतात, एकमेकांना 'तू घे, तू घे' म्हणतात. तेच तलाठ्यासमोर उभे केले की कोण कसा आहे ते कळतं. तसंच दोन वेगवेगळ्या मसाल्यांनी तयार केलेला एकच रंग ट्यूबलाइटखाली जुळतो आणि उन्हात गेला की वाटणी मागतो. म्हणून पेटीच्या वर दांगटांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात पाटी लावली होती : 'दिवसाच्या उजेडात पाहिल्याखेरीज माल पास करू नये. सबब चालणार नाही.'

आता नम्रतावहिनींकडे वळलं पाहिजे. दांगटांच्या पत्नीचं नाव नम्रता ठेवताना तिच्या आईवडिलांनी बाळाचा आवाज ऐकला नसावा. सोसायटीतल्या तेरा बायका आणि त्या स्वतः, असा चौदाजणींचा मंगळागौरीचा गट त्यांनी आठ वर्षांपूर्वी उभा केला. श्रावणात कुणाच्या घरी नवी सून आली की यांना बोलावणं यायचं. झिम्मा, फुगड्या, पिंगा, सगळं. पण स्पर्धेत उतरायची कधी हिंमत झाली नव्हती. या वर्षी झाली. आणि कपड्यांची बैठक भरली.

"सगळ्यांच्या नऊवाऱ्या एका रंगाच्या पाहिजेत," विमलाबाई म्हणाल्या. विमलाबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पेठेतून वारज्यात राहायला आलेल्या, वय अडुसष्ट. फुगडी घालताना मात्र अडतिशीच्या. "आणि एका रंगाच्या म्हणजे एकाच रंगाच्या. गेल्या वर्षीसारखं 'साधारण आंबा कलर' नको. एकीचा आंबा पिकलेला, एकीचा कैरी."

"त्याची काळजीच सोडा काकू," नम्रतावहिनी म्हणाल्या. "आमचे हे त्याच धंद्यात आहेत. रामा कलर करून घेते. चौदाच्या चौदा अशा जुळतील, की एका ताग्यातून कापल्यासारख्या. शब्द देते."

हा शब्द दांगटांनी स्वयंपाकघरात पोहे खाता खाता ऐकला. त्यांच्या घशात एक शेंगदाणा अडकला. कारण रामा हा रंग धड हिरवाही नाही आणि धड निळाही नाही. तो दोघांच्या बांधावर उभा असतो. इकडची माती जरा सरकली की तो त्या शेतातला.

कारखान्याचे मालक भले गृहस्थ. "मास्तर, घरचं काम आहे, छोट्या यंत्रावर करून घ्या," म्हणाले. छोट्या यंत्रात एका वेळी सात नऊवाऱ्यांचंच कापड मावायचं. म्हणजे दोन घाणे. पहिला घाणा शनिवारी झाला. दांगटांनी तो जिन्यात नेला, गच्चीत नेला, पिवळ्या बल्बखाली धरला. सुंदर रामा. मोराने मान खाली घालावी असा. दुसरा घाणा सोमवारी लावला, तर निळ्या रंगाचा डबा संपलेला. दुसऱ्या कंपनीचा निळा होता. तो स्वभावाने जरा तांबूस, म्हणून त्याला चिमूटभर पिवळा घालून वळण लावलं. कापड बाहेर यायला संध्याकाळचे पावणेसात झाले. बाहेर श्रावणाचं आभाळ, खिडकीत काळोख. पेटीतला दिवसाच्या उजेडाचा दिवा पंधरा दिवसांपूर्वी गेलेला आणि नवीन मागवल्याची चिठ्ठी ऑफिसात कुणाच्या तरी पेपरवेटखाली. दांगटांनी ट्यूबलाइटखाली दोन्ही कापडं धरली. जुळली. अगदी जुळली. तरी त्यांनी ती खाली ठेवली. सकाळपर्यंत थांबावं असं मनात आलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, शिवणारीण बसलीये इथे. आज आणताय ना? उद्यापासून ती गावाला जाणार आहे, तिच्या नणंदेकडे बारसं आहे. आज रात्रीच कापून घेते म्हणते."

"आणतो," दांगट म्हणाले.

एकोणतीस वर्षांत सबब न चालवलेला माणूस त्या पाटीखालून कापड काखेत मारून निघाला. पाटीकडे त्यांनी बघितलं नाही. पाटीने बघितलं असेल.

पुढचं सगळं झटपट झालं. नऊवाऱ्या गावाहून शिवून आल्या, सोनेरी काठ लागले, जशा हाती आल्या तशा वाटल्या गेल्या. स्पर्धा रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये, ट्यूबलाइटखाली, रंगीत तालीम झाली आणि सोसायटीतल्या झाडून सगळ्या माणसांनी "वा, काय एकसारख्या दिसतायत!" असं म्हटलं. वहिनींनी त्या रात्री दांगटांना न मागता दुसरी पोळी वाढली. नाचून घामाघूम झालेल्या नऊवाऱ्या धुवून वाळत पडल्या.

शनिवारी सकाळी, आठ दिवसांनी, ऊन पडलं.

दांगट चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले. समोरच्या इमारतीच्या बाल्कन्यांत, वर-खाली, दोऱ्यांवर नऊवाऱ्या वाळत होत्या. दुसऱ्या मजल्यावर विमलाबाईंची होती. ती हिरवी होती. चौथ्या मजल्यावर गटातल्या वैष्णवीची होती. ती निळी होती. दांगटांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले. विमलाबाईंची अजूनच हिरवी झाली होती. त्यांनी खालून वर मोजायला सुरुवात केली. हिरवी, हिरवी, निळी, हिरवी, निळी, निळी. चहावर साय धरली.

"दांगट," समोरून विमलाबाईंचा आवाज आला, "आमच्या बाल्कनीत आपलं काही राहिलंय का?"

"नाही, नाही. ऊन बघत होतो."

"ऊन वर असतं."

दांगट आत आले आणि कपाटापाशी उगाच उभे राहिले. विमलाबाईंना दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं, कारण प्रत्येक बाई आपापल्या नऊवारीकडे बघत होती, आणि एकटी बघितली तर प्रत्येक नऊवारी छानच होती. कापडाचा हा दोष असा, की तो शेजार मिळाल्याशिवाय उघडा पडत नाही. हे माहीत असणारा वारज्यात एकच माणूस होता आणि त्याला ते सांगायचं नव्हतं.

पण नम्रतावहिनींपासून लपवणं दांगटांना लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच जमेनासं झालं होतं. त्यांनी सांगितलं. वहिनींनी आपली नऊवारी घेतली, शेजारच्या मुक्ताईवहिनींची 'काठ बघते हं' म्हणून मागून आणली आणि दोन्ही उन्हात धरल्या. वहिनींचा आवाज नेहमी समोरच्या इमारतीत ऐकू जायचा. आता तो आलाच नाही. दांगटांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"शब्द दिला होता मी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तेराजणींना."

"हो."

"मग दुरुस्त करा. तुम्ही मास्तर आहात ना? उद्या सकाळी दहाला स्पर्धा आहे."

एखाद्याने सर्जनला म्हणावं, पोट कापलंच आहे तर तेवढं बदलूनही द्या, त्यातला प्रकार. पण वहिनींच्या चेहऱ्यावर विश्वास होता. दांगटांना शिव्या चालल्या असत्या. त्यांनी स्कूटर काढली आणि शहर ओलांडलं.

प्रयोगशाळेत शेफाली होती. नागपूरकडून आलेली, रसायनशास्त्र शिकलेली, कानात सतत काहीतरी घातलेली मुलगी. दांगटांनी तिला सगळं सांगितलं, फक्त 'आमच्या ओळखीच्या एकांच्या हातून झालं' असं म्हणाले.

"सर, पॉसिबलच नाही," शेफाली म्हणाली. "स्टिच झालंय, जरीचा काठ लागलाय. आता ते परत एकशेतीसला प्रेशरमध्ये घातलं तर बाहेर काय येईल माहितीये?"

"काय?"

"पायपुसणी. सात."

"वरून हलका हात मारला तर? थोडा निळा?"

"सर, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंय. पॉलिएस्टरला वरून काही लागत नाही." मग तिने कानातलं काढलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "त्या ओळखीच्यांनी ट्यूबलाइटखाली पास केलं का सर?"

दांगट पेटीकडे बघत म्हणाले, "हो."

शेफालीने चहा मागवला. तो त्यांना फारच गोड लागला.

परत येताना त्यांना वाटेत सुचलं, की रंग बदलत नसेल तर उजेड बदलावा. हे मात्र त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या अनुभवात कधी बसलं नव्हतं. ते थेट स्पर्धेच्या सभागृहावर गेले. तिथे टेबलापाशी व्यवस्थापक बसले होते. समोर पेपर, पेपरात कोडं आणि चेहऱ्यावर ते कोडं दुसऱ्या कुणी सोडवू नये असा भाव.

"नमस्कार. उद्याच्या कार्यक्रमाबद्दल जरा विचारायचं होतं."

"विचारा. उत्तर मिळेलच असं नाही."

"स्टेजवर दिवे कोणते असतात?"

"पेटणारे."

"नाही, म्हणजे पिवळे की पांढरे?"

"पिवळे आहेत, पांढरे आहेत, समोरून मोठे आहेत. आपल्याला काय, लग्न लावायचंय?"

"एका गटाचा कार्यक्रम फक्त ट्यूबलाइटवर करता येईल का?"

व्यवस्थापकांनी प्रथमच कोड्यातून मान वर केली. "येईल की. कंदिलावरसुद्धा येईल. पण मग परीक्षक आपल्या घरी पाठवून देऊ का, तेवढं सांगा."

दांगट नमस्कार करून निघाले. एकदा वाटलं, अर्ज लिहून द्यावा. पण अर्जात लिहायचं काय? 'आमच्या बायका ट्यूबलाइटमध्ये एक आणि आपल्या उजेडात दोन दिसतात, तरी कृपया...' त्यांनी स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकला लागली.

घरी आले तेव्हा वहिनी कागद घेऊन बसल्या होत्या. दांगटांनी फक्त मान हलवली. वहिनींच्या चेहऱ्यावरचा मघाचा विश्वास उतरला होता. त्या जागी काय आलं ते दांगटांना नीट बघवलं नाही.

"मी ठरवलंय," वहिनी म्हणाल्या. "कुणाची कुठली ते मी दिवसभर बाल्कन्या बघून लिहून काढलंय. सात या, सात त्या. प्रत्येक फुगडीच्या जोडीत एक ही आणि एक ती. फेरातही एकाआड एक. लोकांना वाटेल, मुद्दामच केलंय."

दांगटांना एकदम भरून आलं. एकोणतीस वर्षांत त्यांना स्वतःला हे सुचलं नसतं. पण संध्याकाळी क्लबहाउसमध्ये वहिनींनी नव्या जोड्या वाचल्या आणि दार लोटून बाहेर उभ्या असलेल्या दांगटांना आतलं सगळं ऐकू आलं.

"म्हणजे? मी आणि मुक्ताई वेगळ्या?" विमलाबाई म्हणाल्या. "आठ वर्षं आम्ही एकमेकींचे हात धरतोय. तिचा तोल कुठे जातो ते माझ्या मनगटाला माहीत आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी घटस्फोट?"

"काकू, जरा बदल."

"कशासाठी?"

वहिनींनी हातातल्या कागदाची घडी घातली. 'नवऱ्याने घोटाळा केला' एवढे तीन शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. दांगट दाराबाहेर मनातल्या मनात म्हणत होते, सांग, सांगून टाक.

"असंच," वहिनी म्हणाल्या. "मला बरं वाटतं म्हणून."

"अच्छा. म्हणजे आता गट नाही, संस्थान झालं," विमलाबाई म्हणाल्या. "हुकूम आला की मुजरा करायचा. ठीक आहे, राणीसरकार."

बाकीच्या बायका हसल्या नाहीत. नुसत्या पायांकडे बघत नव्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. आत जाऊन खरं सांगावं म्हणून दांगटांनी दाराला हात लावला. दार जरासं उघडलं. वहिनींनी आतून त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी दार होतं तसं लोटून घेतलं.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. दांगट सातव्या रांगेत, मांडीवर चौदाजणींच्या चपलांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले. मागच्या खोलीत ट्यूबलाइट होती. तिथे बायका एकमेकींना नथी चढवत होत्या आणि चौदाच्या चौदा एका ताग्यातून कापल्यासारख्या दिसत होत्या. दांगटांनी जाताना एकदा डोळे भरून पाहून घेतलं होतं.

पडदा वर गेला. समोरचे मोठे दिवे लागले.

सात हिरव्या, सात निळ्या. एकाआड एक. बाल्कनीत दिसलं होतं ते काहीच नव्हतं म्हणायचं. सभागृहात एक हलकी कुजबुज फिरली. निवेदिकेने हातातल्या कागदाकडे बघितलं, स्टेजकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया... वारज्याच्या या दोन्ही गटांचं!"

स्टेजवर चौदाजणींनी एकमेकींकडे बघितलं. विमलाबाईंनी आपल्या ओच्याकडे बघितलं, मग वैष्णवीच्या, मग पलीकडे मुक्ताईंच्या. नंतर त्यांनी सावकाश मान वळवून नम्रतावहिनींकडे बघितलं. आणि वहिनींनी थेट सातव्या रांगेत. एवढ्या माणसांत त्यांना दांगट कसे सापडले देव जाणे. त्या बघण्यात राग नव्हता. बस सुटून गेल्यावर माणूस रस्त्याकडे बघतो, तसं नुसतं बघणं होतं. दांगटांच्या हातात दोन बाटल्या होत्या. त्या त्यांनी छातीशी धरल्या. त्याखेरीज त्यांना करण्यासारखं काही नव्हतं.

पण आठ वर्षांची सवय असते. वहिनींनी सूर धरला आणि फेर सुरू झाला. झिम्मा झाला, पिंगा झाला. कुणी चुकलं नाही. मग जोड्या पुढे आल्या, हात अडकले आणि सात फुगड्या एकदम सुरू झाल्या.

पहिल्या चार-पाच गिरक्या दांगटांनी मान खाली घालून काढल्या. मग शेजारची कुणीतरी बाई "अगं बाई!" म्हणाली म्हणून त्यांनी वर बघितलं. वेग वाढला होता. हिरवं निळ्यामागे आणि निळं हिरव्यामागे असं पळत होतं, की एकाला दुसऱ्यापासून वेगळं करता येईना. आणि मग, मोठ्या दिव्यांच्या त्या लबाड उजेडात, सातही जोड्यांतून एकच रंग उभा राहिला. रामा. शनिवारच्या घाण्याचा. मोराने मान खाली घालावी असा. नमुन्याशी तंतोतंत. दांगट अर्धवट उठून उभे राहिले. एकोणतीस वर्षांत त्यांनी असा रंग पास केला नव्हता.

थांबू नका, ते पुटपुटले. आता थांबू नका.

पण फुगडी म्हणजे यंत्र नव्हे, आणि विमलाबाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. मुक्ताईंना त्यांचा श्वास कळत असे, त्या बरोबर वेळेवर वेग उतरवत. आताची जोडीदार वैष्णवी तिशीची, रोज व्यायामाला जाणारी. तिने अजून जोर दिला. विमलाबाईंचं मनगट सुटलं. त्या दोन पावलं मागे गेल्या आणि स्टेजवर बसल्या. पडल्या म्हणण्याइतक्या नाहीत, पण बसल्या. बाकीच्या जोड्या एकामागून एक मंद झाल्या. हिरव्या हिरव्या झाल्या, निळ्या निळ्या. दांगट खाली बसले.

टाळ्या झाल्या. पुण्यात टाळ्या होतात, त्यावर जाऊ नये. पहिल्या तिनांत नाव आलं नाही. उत्तेजनार्थातही आलं नाही. गुणपत्रकावर वेशभूषेपुढे परीक्षकांनी आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

दांगट पिशव्या घेऊन मागच्या खोलीत गेले तेव्हा विमलाबाई खुर्चीत बसून घोट्याला बर्फ लावत होत्या.

"विमलाताई," ते म्हणाले, "चूक माझी आहे. नम्रताची नाही. दुसरा घाणा मी संध्याकाळी पास केला. उजेडात बघितला नाही."

"ते कळलं," विमलाबाई म्हणाल्या. "शेवटच्या रांगेलाही कळलं असेल." मग नम्रतावहिनींकडे वळून, "आणि काल मी तुला राणीसरकार म्हणाले. ऐकून घेतलंस. सांगायचं नाही का, मूर्ख मुली?"

वहिनी म्हणाल्या, "काय सांगू काकू? शब्द मी दिला होता." आणि नथ काढता काढता त्यांचे डोळे भरले. मुक्ताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. चौदाजणींनी वर्षभर वाट बघितलेला दिवस असा एका खोलीत, घामाच्या आणि गजऱ्याच्या वासात, सकाळी साडेअकराला संपला होता. दांगट बाटल्यांची झाकणं उघडून एकेकीपुढे धरत फिरत होते. पाणी सगळ्यांनी घेतलं.

तेव्हा त्यांना शेवटची कल्पना सुचली.

"एक फोटो तरी काढूया," ते म्हणाले. "इथेच. या ट्यूबलाइटखाली. इथे सगळ्या एक दिसताहेत. बघा ना, दिसताहेत की नाही?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. खरंच, दिसत होत्या. वैष्णवी म्हणाली, "हो काकू, इथे परफेक्ट मॅच आहे." विमलाबाईंना खुर्चीसकट मधे घेतलं, वहिनींनी नथ परत चढवली. दांगटांच्या काखेत पिशव्या आणि हातात बाटल्या होत्या म्हणून दारावरून जाणाऱ्या व्यवस्थापकांना बोलावलं. ते आले. वैष्णवीचा फोन त्यांनी शत्रूची वस्तू धरावी तसा धरला.

"हसा," ते म्हणाले. "नंबर नाही आला म्हणून हसायला बंदी नाही."

त्या हसल्या. फोटो निघाला. वैष्णवीने तो बघायच्या आत सवयीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिला, आणि मग बघितला. तिचं हसू जागच्या जागी राहिलं. तिने फोन दांगटांकडे दिला.

फोटोत सात हिरव्या होत्या आणि सात निळ्या. दांगटांनी डोळे वर करून खोलीत बघितलं. चौदा रामा. खाली बघितलं. सात आणि सात. माणसाच्या डोळ्याला ट्यूबलाइट फसवते. फोनच्या डोळ्याला फसवत नव्हती. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि आता शिकून उपयोग नव्हता. फोनवर ग्रुपमधले अंगठे आणि फुलं एकामागून एक येत होती. कुणीतरी विचारलं होतं, 'दुसरा गट कुठला?'

नम्रतावहिनींनी त्यांच्या हातातून फोन घेतला, फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "काकूंचा पाय सुजलाय. तुम्ही एका बाजूने धरा, मी एका बाजूने धरते. रिक्षापर्यंत नेऊ."

दांगटांनी काखेतल्या पिशव्या खांद्यावर टाकल्या आणि विमलाबाईंचा डावा हात धरला. तिघं हळूहळू, पायरी पायरी, बाहेरच्या उन्हात उतरली.